सोळाशे चाळीस मीटर

१

लीलाधर झोपे या माणसाचं नाव कुणी कौतुकाने घेतलं की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला उगाच भला माणूस समजायला नको.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना एक उघडा माळ लागायचा, तिथे उपग्रहांचा माग काढणारं आमचं लहानसं ठाणं होतं. एक मोठी डिश, तीन खोल्या, जनरेटरची शेड आणि मागे क्वार्टरची रांग, बस्स. मी मोतीलाल नारखेडे, असोद्याचा. लीलाधर सावद्याचा. जळगावला डिप्लोमा आम्ही एकत्र केला, एका खोलीत राहून, एका स्टोव्हवर खिचडी शिजवून. नोकरीही एकाच दिवशी लागली. सात वर्षांत तो आराखडे काढणारा झाला आणि मी बटणं दाबणारा राहिलो.

आणि आराखडा कुठला म्हणाल, तर ज्याची मूळ कल्पना मी एकदा त्याच्याच घरी भरीत खाता खाता बोलून गेलो होतो तो! मी बोलून विसरलो. त्याने रात्रंदिवस खपून चाळीस पानं लिहिली. खपला, हे मान्य. पण त्या चाळीस पानांत माझं नाव कुठेही नव्हतं.

आता भरीत निघालंच आहे तर तेही सांगतो. ते भरीत करणाऱ्या इंदिराबाईंचं स्थळ आधी आमच्याकडे सांगून आलं होतं. आमचे आबा म्हणाले, पुढच्या साली बघू. पुढच्या साली ती सावद्याला झोप्यांची सून होऊन गेली आणि मी तिला वहिनी म्हणायला लागलो. लीलाधर तिला इंदू म्हणायचा. दर रविवारी मला जेवायला बोलवायचा, पाटावर बसवून आग्रह करकरून वाढायचा, आणि मला त्या प्रत्येक घासाला वाटायचं की हा माणूस माझ्याच ताटात जेवतोय.

२

काम समजायला अवघड नाही. डोंगरासमोर उभं राहून हाक मारली की ती परत येते, आणि किती वेळाने आली त्यावरून डोंगर किती लांब ते कळतं. आम्ही तशी हाक उपग्रहाला मारायचो. उपग्रहातलं यंत्र ती ऐकून परत पाठवायचं आणि आम्ही अंतर काढायचो.

पण आपलं मापच चुकत नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्यासाठी माळाच्या पार टोकाला लोखंडी मनोरा उभा केला होता. त्याच्या माथ्यावर जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फळी, आणि फळीवर उत्तर देणारा एक डबा. मोजणी खात्याच्या लोकांनी साखळी धरून पक्कं केलेलं अंतर होतं सोळाशे चाळीस मीटर. रोज सकाळी दहाला मी डिश मनोऱ्यावर रोखायचो, खिडकीतल्या तिवईवरच्या दुर्बिणीतून मनोरा नीट समोर आहे का पाहायचो आणि हाक मारायचो. पडद्यावर हिरवे आकडे यायचे. शेवटचा आकडा जरा थरथरायचा आणि १६४० वर बसायचा. मी तो वहीत लिहायचो. मनोऱ्याचं उत्तर चुकलं तर यंत्र तीच चूक पुढे उपग्रहाच्या अंतरात घालणार, म्हणून हे रोजचं.

मे महिन्यात मुख्य केंद्राची समिती येणार होती. त्या आराखड्यावरून उभी केलेली लीलाधरची यंत्रणा तिला पटली की त्याला बंगलोरला जागा नक्की. नाही पटली तर त्याच जागेसाठी दुसरं नाव माझं होतं. एवढं एकच माझ्या हाताशी होतं.

समितीला दहा दिवस असताना, बॅटरी बदलायची पाळी माझी होती. मी भर दुपारी मनोऱ्यावर चढलो, बॅटरी बदलली आणि डब्यातला फ्यूज काढून खिशात टाकला. एवढासा काचेचा तुकडा. खाली उतरताना शिडी हाताला चटके देत होती आणि मला बेदम हसू येत होतं. बस आता हात चोळत, म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी मुद्दाम लीलाधरला खोलीत थांबवून घेतलं. त्याचं तोंड पाहायचं होतं मला.

डिश रोखली. हाक मारली. पडद्यावर आकडे आले: १६४०.

थरथर नाही, काही नाही. दगडावर कोरल्यासारखा आकडा.

"वा!" लीलाधरने माझ्या पाठीवर थाप मारली. "इतकं स्वच्छ उत्तर आजवर आलं नव्हतं रे मोती. नव्या बॅटरीचा गुण दिसतोय. हात चांगला आहे बुवा तुझा!"

माझा हात खिशात होता आणि फ्यूज बोटांना लागत होता.

मी दिवसभर डोकं चालवलं. फ्यूजशिवाय डबा बंदच असणार. मग उत्तर दिलं कुणी? जवळपास दुसरं काही असेल, एखादं पत्र्याचं छप्पर. पण पत्र्यावरून आलेली हाक इतकी ठणठणीत येत नाही, आणि नेमकी सोळाशे चाळीसवरून तर नाहीच. बरं, कुणाला विचारावं तर काय म्हणून विचारू? 'मी डबा मारून ठेवलाय, तरी तो बोलतोय', असं?

खरं सांगायचं तर भीती नंतर वाटली. आधी तळपायाची आग मस्तकाला गेली. या माणसाचं नशीब तरी बघा, मी त्याचं यंत्र मोडलं तर ते आणखी चांगलं चालायला लागलं!

४

तिसऱ्या दिवशी आकडा आला १५१२.

मी पुन्हा हाक मारली. १५१२. डिश हलवून परत रोखली. १५१२. चौथ्या दिवशी १३६०. पाचव्या दिवशी ११७०.

मनोरा तर दुर्बिणीत जागच्या जागी दिसत होता. मधल्या पायवाटेवर नुसतं ऊन. जे काही उत्तर देत होतं ते त्याच रेषेत, पण अलीकडे होतं.

आणि मी काय केलं? मी वहीत रोज लिहिलं: १६४०. विचार करा, केवढी सोय झाली होती माझी. पडदा मी एकटा बघायचो, लीलाधर नुसती वही बघायचा. वही म्हणणार मनोरा ठीक आहे, आणि पलीकडच्या खोलीत त्याचा उपग्रह रोज थोडाथोडा चुकीच्या जागी सापडणार. तो आपल्याच आराखड्यात चूक शोधत बसणार. बसलाच. दाढी वाढली, जेवणावरून लक्ष उडालं. इंदिराबाई मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी समजावा हो त्यांना." मी समजावलं. म्हटलं, "लीलाधर, आकडेमोड पुन्हा एकदा तपासून बघ."

सहाव्या दिवशी आकडा ८९०. त्या दुपारी मी फाटकापाशी विडी ओढत उभा असताना भागाबाई आल्या. पायवाटेला लागून त्यांचं वावर होतं, बाजरी-कपाशीचं. म्हातारी तोंडाने फटकळ, पण ताक प्यायला घालायची.

"साहेब, भर उनमा वावरमा काय उभा ऱ्हातस तुम्ही?" त्यांनी दटावलं. "ना टोपी, ना टावेल. ऊन लागी जाई!"

"मी? मी दुपारचा खोलीबाहेर पडत नाही, भागाबाई."

"मंग कोन शे तो? परवदिन त्या बाभूयजोडे व्हता, आज मना धुऱ्यावर. मी हाक मारी, तं बोलतच नही. नुसता तुमना ठेसनकडे दखत ऱ्हास." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमना भाऊ शे का? तोंड तं तुमनंच शे."

मला भाऊ नाही. मी पायवाटेकडे पाहिलं, लांबच्या बाभळीपासून भागाबाईंच्या वावराच्या बांधापर्यंत. तापलेल्या मातीवर हवा हलत होती. म्हातारीला कमी दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खोलीत जाऊन आतून कडी घातली.

५

समितीला दोन दिवस राहिले होते. सकाळी आकडा आला ४१०.

चारशे दहा म्हणजे फाटकाबाहेर थोडंसंच. मी दुर्बीण खाली वळवली आणि पायवाट हात-हात करून पाहिली. दगड, गवत, एक तुटकी चप्पल. कुणी नाही. दुर्बिणीवरून डोळा हटवताना वाटलं की तिकडून कुणीतरी इकडे बघतंय. हट्, म्हटलं, झोप नाही म्हणून भास होतायत.

तेवढ्यात लीलाधर आत आला. डोळे लाल, हातात कागदांची गुंडाळी.

"मोती, सगळं तपासलं. तीनदा. चूक माझ्या आकडेमोडीत नाहीये. मनोऱ्यातच काहीतरी आहे."

"मनोरा रोज सोळाशे चाळीस दाखवतोय. वही बघ."

"वही बघितली रे. तुझ्यावर अविश्वास नाही माझा." हे तो खरंच मनापासून म्हणाला, आणि तेच मला जास्त झोंबलं. "तरी एकदा स्वतः वर चढून डबा उघडतो. तू इथून हाक चालू ठेव."

"आत्ता? अकरा वाजत आलेत. चटका बघ बाहेर."

"परवा समिती आहे बाबा. संध्याकाळी वारा सुटला की त्या शिडीवर चढवत नाही."

त्याने पांढरा टॉवेल डोक्याला गुंडाळला, वॉकी-टॉकी गळ्यात अडकवला आणि सायकल काढली. फाटकातून हात हलवला. त्या पायवाटेवर चारशे दहा मीटरवर काहीतरी उभं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. 'थांब' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण थांब म्हटलं तर का म्हणून विचारणार. मग पडदा दाखवावा लागणार, मग वही, मग फ्यूज. मी पण हात हलवला.

६

दुर्बिणीतून मी त्याला जाताना पाहिलं. ती जागा आली तेव्हा सायकल जराही हलली नाही. तो सरळ निघून गेला. आकडा ४१० वरच होता.

पाऊण तासाने वॉकी-टॉकी खरखरला.

"मोती, वर आलोय. ऐकू येतंय?"

"येतंय."

"अरे, डबा बंद आहे! फ्यूजच नाही यात. झाकणावर आठवड्याची धूळ आहे." झाकण आपटल्याचा आवाज आला. "मग तू रोज उत्तर कुणाचं घेतोयस?"

पंखा फिरत होता. शेजारच्या खोलीत स्टॅबिलायझर गुणगुणत होता. सांगून टाक, मी स्वतःला म्हटलं. सांग आणि पाय धर त्याचे. तोंडातून निघालं ते असं: "फ्यूज नाही? असं कसं होईल? नीट बघ."

तेव्हा आकडा हलला. ४१२. ४१५. ४२०.

इतके दिवस ते माझ्याकडे येत होतं. आता ते माझ्यापासून लांब निघालं होतं. ५००. ६५०. चालत्या माणसाच्या वेगाने, मग त्याहून भरभर. माझ्या जिवात जीव आला. लाज वाटते, पण आला. जातंय, म्हटलं, सुटलो एकदाचा. ९०० झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की ते कुठे चाललंय.

१३००. १५००. मी वॉकी-टॉकीचं बटण दाबलं आणि सोडून दिलं. १६००.

"मोती?" लीलाधर हसत होता. "अरे, तू कशाला आलास उन्हात? मग खोलीत कोण आहे?"

मी खुर्चीत बसलो होतो. माझे दोन्ही हात मला दिसत होते. 'मी इथे आहे लीलाधर, त्याला जवळ येऊ देऊ नकोस', एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. बटणावर अंगठा होता माझा. आणि त्या वेळी, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात बंगलोरची ती जागा आली. मी अंगठा दाबला नाही.

"अरे, वर कशाला चढतोयस? दोघांना जागा नाही इथे. मोती, ऐक ना, मोती..."

नंतर नुसती खरखर. आकडा १६४० वर थांबला.

७

तासाभराने दार लोटून लीलाधर आत आला. चालत आला होता. सायकल नव्हती, डोक्याला टॉवेल नव्हता. तोंड लीलाधरचं, शर्ट लीलाधरचा, खिशाला पेन लीलाधरचं.

"झालं," तो म्हणाला. "डबा ठीक आहे."

इतका घाम मला फुटला होता की हातातला वॉकी-टॉकी निसटत होता. त्याला मात्र घामाचा थेंब नव्हता. त्याला पाहून मी उठलो होतो, आणि टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. तो आला आणि सरळ माझ्या खुर्चीत बसला, माझ्यासारखाच एक पाय मांडीखाली घेऊन.

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा अजून १६४० होता, पण आता कोरल्यासारखा नव्हता. शेवटचं शून्य थरथरत होतं. विझायचं आणि परत उजळायचं.

मी दुर्बिणीपाशी गेलो. पाय का नेत होते कोण जाणे.

मनोऱ्याच्या माथ्यावर फळी दिसली. फळीवर कुणीतरी होतं. इतक्या लांबून तोंड कसं दिसणार? दिसला तो पांढरा टॉवेल. दोन्ही हातांनी धरून तो माणूस टॉवेल हलवत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जिवाच्या आकांताने.

"काय दिसतंय?" मागून आवाज आला.

"काही नाही," मी म्हणालो आणि दुर्बिणीच्या तोंडावर टोपण घातलं.

८

लीलाधरला ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, पडून राहायला सांगितलं. समितीसमोर मी उभा राहिलो. उत्तर सोळाशे चाळीस येत होतं, त्यामुळे उपग्रहही जागच्या जागी सापडला. समिती खूश झाली. यंत्रणेवर नाव लीलाधरचंच राहिलं, त्याचा मला तेव्हाही राग आला. पण जागा मला मिळाली, कारण लीलाधरने आपण होऊन लिहून दिलं की मला बंगलोरला जायचं नाही.

मनोऱ्याकडे मी गेलो नाही. दुसऱ्या सकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर फळी रिकामी होती. उत्तर मात्र येत होतं. रोज जरा क्षीण.

पत्र समितीने जाता जाताच टाइप करून दिलं होतं; दुसऱ्याच दिवशी निघताना निरोप घ्यायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. इंदिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. दाराआड, आत पाटावर तो जेवायला बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"भाऊजी, एक विचारते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरं सांगाल?"

"विचारा ना."

"त्या दिवशी तुम्ही दुर्बिणीजवळ होतात. माळावर काय झालं?"

"काय होणार? ऊन लागलं."

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "हे मला वहिनी म्हणतात."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"लग्न झाल्यापासून इंदू म्हणायचे. आता तीन दिवस झाले, वहिनी, पाणी द्या. वहिनी, भरीत छान झालंय." त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले. "डॉक्टर म्हणतात, भ्रम झालाय. पण भाऊजी, हे तेच आहेत ना? तुम्ही नुसतं नाही म्हणा. मी आत्ता सावद्याला फोन लावते. दीर ट्रकभर माणसं घेऊन येतील, सगळा माळ पालथा घालतील. हे ते नसतील, तर ते कुठेतरी असतील ना हो? तहानेले असतील."

त्या सकाळीही उत्तर आलं होतं. आकडा नीट वाचताही येत नव्हता इतकं बारीक, पण आलं होतं. ट्रक दुपारपर्यंत पोचला असता. खिशात बंगलोरचं पत्र होतं आणि त्यावर मोतीलाल नारखेडे हे नाव टाइप केलेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही मागे नाही.

"तोच आहे, वहिनी," मी म्हणालो. "उन्हाचं आहे, उतरेल हळूहळू."

 त्या उठून आत गेल्या आणि त्याच्या ताटात कळण्याची भाकरी वाढली. त्याने भाकरी मोडली, मान वळवून दारातून माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने हसला. भीती वाटायला हवी होती मला. पण पिशवी उचलून बसस्टँडकडे चालताना मनात एकच जळत होतं, की मला नुसतं बंगलोर मिळालं आणि तो तिच्या हातचं जेवतोय.